परळच्या प्रयोगशाळेत सापडला होता 'विल्स फॅक्टर', आज तोच गरोदर बाईच्या गोळीत असतो

गरोदरपणात आशाताई किंवा नर्सबाई गोळ्यांचं एक पाकीट हातात देतात. त्या गोळीत दोन गोष्टी असतात, लोह आणि फॉलिक ॲसिड. लोहाने रक्त वाढतं हे बहुतेकांना माहीत असतं. फॉलिक ॲसिड मात्र नेमकं कशासाठी, हे फारसं कुणी सांगत नाही. त्याचा शोध सुरू झाला तो आपल्या मुंबईत, आणि तो सुरू करणाऱ्या डॉक्टरचं नाव होतं ल्युसी विल्स.

ल्युसी यांचा जन्म 1888 सालचा, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतीशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून 1911 साली परीक्षा दिली. पण तेव्हा केंब्रिज बायकांना पदवी देत नव्हतं. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात केपटाऊनमध्ये त्यांनी रुग्णसेवा केली आणि डॉक्टर व्हायचं ठरवलं. लंडनमध्ये शिकून 1920 साली त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री हॉस्पिटलची प्रयोगशाळा निवडली.

1928 साली, वयाच्या चाळिशीत, त्या मुंबईला आल्या. इथे गरोदर बायकांना, त्यातही कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना, एक भयंकर रक्तक्षय होत होता. अनेकींचा त्यात जीव जायचा. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये ल्युसी कामाला लागल्या.

आता या आजारात एक गोम होती. लोह कमी पडलं की रक्तातल्या लाल पेशी लहान होतात. या बायकांच्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या आणि अर्धवट तयार झालेल्या असायच्या. म्हणजे शरीरात कमतरता दुसऱ्याच कशाची तरी होती.

ल्युसी यांनी या बायकांच्या ताटात काय असतं ते तपासलं. गरीब घरांत भाज्या आणि फळं कमीच असायची. तसाच आहार त्यांनी उंदरांना दिला, तर उंदरांनाही रक्तक्षय झाला. त्यात यीस्ट मिसळलं की तो टळायचा. माकडांवरच्या प्रयोगात त्यांनी मार्माइट देऊन पाहिलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क, इंग्लंडमध्ये लोक पावाला लावून खातात तो. आजारी माकड बरं झालं. बायकांनाही मार्माइट दिल्यावर त्यांच्यात सुधारणा दिसली. 1931 साली हे काम प्रसिद्ध झालं.

यकृताच्या महागड्या अर्काऐवजी एक स्वस्त पदार्थ कामी आला, ही गरीब बायकांसाठी मोठी गोष्ट होती. पण मार्माइटमध्ये असं होतं तरी काय? ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्या अनोळखी घटकाला 'विल्स फॅक्टर' हे नाव पडलं.

त्याचा उलगडा व्हायला आणखी दहा वर्षं गेली. 1941 साली अमेरिकेत चार टन पालकातून हा घटक वेगळा काढला गेला. पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात, त्यावरून नाव पडलं फॉलिक ॲसिड. पुढे आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केलं.

हे जीवनसत्त्व करतं काय? नवी पेशी तयार होताना डीएनएची नवी प्रत लागते आणि ती बनवायला फॉलिक ॲसिड हवं. ते कमी पडलं की पेशी वाढते, पण विभागत नाही. म्हणून लाल पेशी मोठ्या आणि अर्धवट राहतात. गरोदरपणात बाळाच्या पेशी झपाट्याने वाढत असल्याने गरजही वाढते. पालक, मेथी, हरभरा, मूग यांतून ते मिळतं, पण भाजी फार वेळ शिजवली तर बरंच नष्ट होतं.

ल्युसी विल्स 1964 साली गेल्या. त्यानंतर 27 वर्षांनी, 1991 साली, एका मोठ्या ब्रिटिश चाचणीतून आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर बाळाच्या मेंदूत आणि मणक्यात जन्मजात दोष राहण्याचा धोका खूप कमी होतो. हे दोष पहिल्या काही आठवड्यांतच होतात, अनेकदा दिवस गेलेत हे कळायच्याही आधी. म्हणूनच मूल हवं असं ठरवलं की लगेच डॉक्टरांना या गोळीबद्दल विचारायला हवं.