बडी बहेनजी : डॉ. सुशीला नायर



लातूर काय, नांदेड काय, दोन्ही शहरे आता क्लासेसची म्हणून ओळखली जातात. डॉक्टर व्हायचे म्हणून लांबलांबची मुले इथे खोली घेऊन राहतात. आपल्या घरांतूनही एखादे मूल ‘नीट’च्या अभ्यासाला बसलेले असते. प्रवेश मिळेल का, ही काळजी सर्वांना असते. पुढे हे मूल कोणाच्या उशाशी उभे राहणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न जन्मभर विचारणाऱ्या एका बाईंची ही ओळख.

सुशीला नायर यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी पंजाबातील कुंजाह येथे झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. थोरले बंधू प्यारेलाल गांधीजींचे सचिव होते. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयातून डॉक्टर होऊन 1939 मध्ये त्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला आल्या, आणि थोड्याच दिवसांत त्या भागात पटकीची साथ पसरली. नुकत्याच शिकून आलेल्या या मुलीने जवळजवळ एकटीने ती हाताळली. पटकीत औषधाइतकीच विहीर पाहावी लागते, घरोघर जाऊन लोकांना समजवावे लागते. हे शिक्षण शहरातल्या वॉर्डात मिळत नाही.

1942 मध्ये गांधीजींबरोबर त्या पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात होत्या. तिथेच महादेवभाई देसाई गेले, आणि 22 फेब्रुवारी 1944 रोजी कस्तुरबाही. सुटकेनंतर सेवाग्रामला त्यांनी छोटा दवाखाना सुरू केला. 1945 मध्ये त्याचे कस्तुरबा रुग्णालय झाले.

गांधीजींच्या हत्येनंतर त्या अमेरिकेला गेल्या आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतल्या. पुढची राजकीय कारकीर्द मोठी आहे. 1962 ते 1967 त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. पण माझ्या मते त्यांचे खरे काम मंत्रिपद सुटल्यानंतरचे आहे.

1969 हे गांधीजींचे जन्मशताब्दी वर्ष. त्या वर्षी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ती ओळखली जाते. नव्या विद्यार्थ्यांनी आधी आश्रमात राहायचे, खादी वापरायची, श्रमदान करायचे. मग प्रत्येक तुकडीने एक खेडे दत्तक घ्यायचे. तिथे पंधरा दिवसांचे शिबिर व्हायचे आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जायची. त्या घरांत पुन्हापुन्हा जायचे, पोरांच्या लशी, बाळंतिणीचे खाणेपिणे, म्हाताऱ्यांचा खोकला, सारे पाहायचे. म्हणजे शरीरशास्त्राची पुस्तके चाळत असतानाच विद्यार्थ्याची माणसांशी गाठ पडत असे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आमच्या अभ्यासात होता, की माणूस बांधकाम करूनच गवंडी होतो. सेवाग्रामची पद्धत तशीच. शहरात डॉक्टर घडवायचा आणि नंतर सक्तीने खेड्यात पाठवायचा, हा उलटा क्रम झाला. असा डॉक्टर बदलीच्या ऑर्डरची वाट पाहत दिवस काढतो. किनवट किंवा देगलूरकडच्या वाडीवस्तीवर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

कस्तुरबा रुग्णालयाची आणखी एक गोष्ट आपल्या ज्वारीच्या मुलखाला आवडेल. तिथे खेड्यांसाठी आरोग्य विम्याची योजना निघाली, आणि हप्ता होता ज्वारीचा. सुगीला ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि वर्षभर सवलतीत उपचार घ्यायचे.

बहेनजींची शिस्त कडक होती. खादीची आणि मद्यमांस वर्ज्य करण्याची सक्ती आजच्या मुलांना जाचक वाटेल, आणि सक्तीने वृत्ती बदलते का, ही शंका मलाही आहे. तिथून बाहेर पडलेला प्रत्येक जण खेड्यात राहिला असेही नाही. कित्येक जण शहरात गेले, काही परदेशी गेले. तरी पदव्युत्तर प्रवेशासाठी आधी ग्रामीण सेवा हवी, ही अट संस्थेने बराच काळ सोडली नव्हती.

सेवाग्रामनंतर काही वर्षांतच आपल्याकडे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. नांदेडला 1988 मध्ये आणि लातूरला 2002 मध्ये शासकीय महाविद्यालये आली. आपल्या मुलांना शिकायला आता दूर जावे लागत नाही.

बडी बहेनजींनी लग्न केले नाही. 3 जानेवारी 2001 रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत त्या आपल्या संस्थेच्या कामात होत्या.