खेडचे हुतात्मा राजगुरू आणि १६८८९६ क्रमांकाचे पिस्तूल

थेरगावाहून मोशी व चाकण मागे टाकून नाशिकच्या रस्त्याने पुढे गेले, की भीमेच्या काठी खेड लागते. त्याचेच आजचे नाव राजगुरूनगर. चाकणच्या कारखान्यांत जाणारे आमचे कितीतरी तरुण सभासद या नावाची पाटी नित्य पाहतात. त्या नावामागील पुरुषाचे अल्पचरित्र, आणि त्या चरित्राशी जोडलेल्या एका शस्त्राचा प्रवास, यंदा वाचकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

शिवराम हरि राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी खेड येथे झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. पुढे संस्कृत अध्ययनासाठी ते काशीस गेले आणि तेथे चंद्रशेखर आझाद यांच्या क्रांतिकारक मंडळात सामील झाले. नेमबाजीत त्यांचा हातखंडा असे. पोलिसांचा छळ आपणांस सोसवेल की नाही, हे अजमावण्यासाठी त्यांनी तापविलेला चिमटा स्वतःच्या छातीस लावून पाहिला, अशी हकीकत त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितली आहे.

३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरास सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीवर लाठीमार झाला आणि १७ नोव्हेंबरला लाला लजपतराय निवर्तले. लाठीमाराचा हुकूम देणारा पोलीस सुपरिंटेंडेंट स्कॉट याचा सूड घेण्याचे ठरले. परंतु १७ डिसेंबर रोजी पोलीस कचेरीबाहेर पडला तो त्याचा तरुण सहायक सॉण्डर्स. इशारा चुकला, आणि राजगुरूंच्या पहिल्याच गोळीने सॉण्डर्स कोसळला. मागाहून भगतसिंगांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पाठलाग करणारा हवालदार चननसिंग आझादांच्या गोळीस बळी पडला. पुढे लाहोर सोडताना भगतसिंग साहेबी वेषात, दुर्गाभाभी त्यांच्या पत्नी म्हणून आणि आमचे राजगुरू त्यांचे नोकर म्हणून आगगाडीत बसले!

भगतसिंगांजवळचे शस्त्र कोल्ट कंपनीचे ०.३२ बोअरचे स्वयंचलित पिस्तूल होते. पुष्कळजण त्यास रिव्हॉल्वर म्हणतात, ते बरोबर नव्हे. रिव्हॉल्वरला गोळ्यांचे फिरते चक्र असते, या पिस्तुलाच्या गोळ्या मुठीत भरल्या जातात. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या असेंब्लीत बाँब टाकून भगतसिंग स्वाधीन झाले, तेव्हा ते पोलिसांच्या हाती गेले. लाहोर कटाच्या खटल्यात त्याचा क्रमांक १६८८९६ असा नोंदला गेला. हा क्रमांक कागदावर उतरला नसता, तर पुढील शोध अशक्यच होता.

राजगुरू ३० सप्टेंबर १९२९ रोजी पुण्यात पकडले गेले. विशेष न्यायाधिकरणाने ७ ऑक्टोबर १९३० रोजी निकाल दिला आणि २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग व सुखदेव यांच्यासह राजगुरू फाशी गेले. वय अवघे बावीस.

पिस्तूल मात्र पोलिसांच्याच ताब्यात राहिले. पंजाबातील फिल्लौर येथील पोलीस प्रशिक्षण केंद्रातून १९६९ साली ते इतर शस्त्रांसमवेत होळकरांच्या इंदुरास, सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रविद्यालयात आले. तेथे त्यावर रंगाचा थर होता, आणि जुन्या हत्यारांच्या रांगेत ते अनामिक पडून होते. २०१६ च्या सुमारास शोध सुरू झाला, रंग खरवडला गेला आणि क्रमांक जुळला. ज्या पोलीस दलाच्या अधिकाऱ्यावर ते रोखले गेले, त्या दलाच्या शिस्तीनेच ते जतन केले, ही गोष्ट आम्हांस विलक्षण वाटते.

२०१७ साली ते सतलजच्या काठी हुसैनीवाला येथील संग्रहालयात नेण्यात आले. तिघा हुतात्म्यांचे देह सरकारने गुपचूप जाळले, ते हेच ठिकाण. फाळणीत ही भूमी पाकिस्तानात गेली होती. १९६१ साली बारा गावे देऊन भारताने ती परत मिळविली. आमच्या वाचकांपैकी कोणी तिकडे गेल्यास ते पिस्तूल अवश्य पाहावे. मात्र सॉण्डर्सवरील पहिली गोळी या नळीतून सुटलेली नाही, ती खेडच्या राजगुरूंच्या हातच्या दुसऱ्या शस्त्राची, हे सोबतच्या मुलाबाळांस तेथेच सांगावे.