प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर (१६ मार्च, इ.स. १९०१ - १२ जून, इ.स. १९८१) हे भारताचे सातवे सरन्यायाधीश, हिंदू कायद्याचे अभ्यासक व संस्कृतचे पंडित होते. १ फेब्रुवारी १९६४ ते १५ मार्च १९६६ या काळात ते सरन्यायाधीशपदी होते. हिंदू कायद्याचे वकील म्हणून त्यांनी व्यवसायास आरंभ केला. पुढे औद्योगिक कायदा, प्रशासकीय कायदा व राज्यघटना या क्षेत्रांतील त्यांचे निकाल विशेष महत्त्वाचे ठरले.

जन्म व शिक्षण

गजेंद्रगडकर यांचा जन्म सातारा येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे धारवाड भागातील गजेंद्रगडचे असून ते साताऱ्यात येऊन स्थायिक झाले होते. वडील बाळाचार्य हे संस्कृतचे विद्वान होते. थोरले बंधू अश्वत्थामाचार्य पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. शास्त्रग्रंथांच्या पठणपाठणाची ही परंपरा प्रल्हाद यांनाही लाभली.

साताऱ्यातील शालेय शिक्षणानंतर त्यांनी १९१८ ते १९२० ही दोन वर्षे धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात आणि त्यापुढील चार वर्षे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात काढली. १९२४ साली ते एम.ए. झाले. त्याच वर्षी पुण्यात सुरू झालेल्या आय.एल.एस. विधी महाविद्यालयातून १९२६ साली त्यांनी एलएल.बी. ही पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली.

वकिली

१९२६ साली गजेंद्रगडकर यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली सुरू केली. त्या काळी या न्यायालयातील वकिलीचे दोन स्वतंत्र प्रवाह होते. मूळ शाखेत मुंबई शहरातील मोठे दिवाणी व व्यापारी दावे चालत आणि तेथे बॅरिस्टरांचे वर्चस्व असे. जिल्ह्याजिल्ह्यांच्या न्यायालयांतून येणारी अपिले अपील शाखेत चालत. जमीन, वारसा, दत्तक, वाटणी व देवस्थाने यांविषयीचे वाद त्यांत मोठ्या संख्येने असत. असे वाद चालवताना स्मृतिग्रंथ, टीकाग्रंथ व निबंधग्रंथ यांचा अर्थ लावावा लागे. संस्कृत ग्रंथ मुळातून वाचणाऱ्या वकिलाला याचा साहजिकच लाभ होई.

या काळात त्यांनी हिंदू कायद्याला वाहिलेल्या एका त्रैमासिकाचे संपादन केले. काशीच्या नंदपंडितांच्या 'दत्तकमीमांसा' या दत्तकविधानावरील ग्रंथाची चिकित्सक आवृत्तीही त्यांनी सिद्ध केली.

मुंबई उच्च न्यायालय

६ मार्च १९४५ रोजी त्यांची मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी नियुक्ती झाली. येथील त्यांच्या निकालांपैकी १९५१ सालचा नरसू अप्पा माळी खटल्यातील निकाल आजही चर्चिला जातो. हिंदूंमधील द्विभार्या विवाहास बंदी करणाऱ्या मुंबई प्रांताच्या १९४६ च्या कायद्याला या खटल्यात आव्हान दिले होते. मुख्य न्यायाधीश एम.सी. छागला व गजेंद्रगडकर यांनी स्वतंत्र निकालपत्रे लिहून तो कायदा वैध ठरवला. राज्यघटनेच्या १३ व्या अनुच्छेदात अभिप्रेत असलेल्या अंमलातील कायद्यांत व्यक्तिगत कायद्यांचा समावेश होत नाही, असेही त्यांनी म्हटले. त्यामुळे विधिमंडळाला सामाजिक सुधारणेचा मार्ग मोकळा राहिला. मात्र व्यक्तिगत कायद्यातील विषमता मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासण्याचा न्यायालयीन मार्ग अरुंद झाला. या दुसऱ्या परिणामामुळे निकालावर टीका होत आली आहे.

बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनासंबंधीच्या लवादाच्या निर्णयात केंद्र सरकारने फेरफार केल्यामुळे १९५४ साली मोठा वाद उद्भवला आणि कामगारमंत्री व्ही.व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. त्यानंतर नेमलेल्या आयोगाचे काम न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निधनामुळे गजेंद्रगडकर यांच्याकडे आले. १९५५ साली त्यांनी अहवाल सादर केला व त्यानुसार संसदेने कायदा केला. औद्योगिक कायद्यातील त्यांच्या अधिकाराची ओळख येथून देशभर झाली.

सर्वोच्च न्यायालय

जानेवारी १९५६ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पहिल्या काही वर्षांत कामगारांचे वेतन, बोनस व सेवाशर्ती यांविषयीची अनेक निकालपत्रे त्यांनी लिहिली.

सरकार व नागरिक यांच्या संबंधांविषयीचे त्यांचे निकालही तितकेच महत्त्वाचे आहेत. मोतीराम डेका खटल्यात (१९६३) केवळ नोटीस देऊन कायम रेल्वे कर्मचाऱ्याची सेवा संपवण्याची मुभा देणारे नियम बहुमताने अवैध ठरवण्यात आले. असोसिएटेड सिमेंट कंपनी विरुद्ध पी.एन. शर्मा (१९६४) या खटल्यात न्यायदानाचे काम सोपवलेला सरकारी अधिकारी न्यायाधिकरण केव्हा ठरतो, याचे विवेचन त्यांनी केले. चीन युद्धानंतरच्या आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांच्या मखन सिंग खटल्यात (१९६३) निलंबित मूलभूत हक्कांच्या आधारे दाद मागता येणार नाही, असे बहुमताने ठरले. तरीही आदेश दुष्ट हेतूने काढला आहे किंवा मूळ कायद्याच्याच विरुद्ध आहे, या कारणांवर न्यायालयात येण्याची वाट त्यांनी खुली ठेवली.

कस्तुरीलाल खटल्यात (१९६४) त्यांच्या निकालाने नागरिकाच्या पदरी निराशा आली. १९४७ साली मेरठ येथे पोलिसांनी अमृतसरच्या एका सराफी पेढीच्या भागीदाराकडून सोने व चांदी जप्त केली होती. चांदी परत मिळाली, पण सोने एका हेडकॉन्स्टेबलने लांबवले व तो पाकिस्तानात पळून गेला. अटक व जप्ती ही राज्याची सार्वभौम कार्ये असल्याने भरपाईची जबाबदारी राज्यावर येत नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. ही स्थिती समाधानकारक नसल्याचे नमूद करून विधिमंडळाने याविषयी कायदा करावा, असे गजेंद्रगडकर यांनी सुचवले. संसदेत विधेयक येऊनही तसा कायदा झाला नाही.

एम.आर. बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य (१९६२) या खटल्यात वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील ६८ टक्के जागा राखून ठेवणारा आदेश रद्द झाला. आरक्षण सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असावे आणि मागासलेपण ठरवताना जात हा एकमेव निकष नसावा, हे सूत्र या निकालातून पुढे आले. ५० टक्क्यांच्या मर्यादेवरील पुढील सर्व चर्चेचा उगम येथे आहे.

सरन्यायाधीशपद

भुवनेश्वर प्रसाद सिन्हा निवृत्त झाल्यावर गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले. त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांच्यासमोर केशव सिंग प्रकरण आले. गोरखपूरच्या केशव सिंग यांना सभागृहाच्या अवमानाबद्दल उत्तर प्रदेश विधानसभेने तुरुंगात पाठवले होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ येथील दोन न्यायाधीशांनी त्यांना जामीन दिला, तेव्हा विधानसभेने त्या न्यायाधीशांना व केशव सिंग यांच्या वकिलालाच ताब्यात घेऊन सभागृहापुढे हजर करण्याचा ठराव केला. उच्च न्यायालयाच्या २८ न्यायाधीशांनी एकत्र बसून त्याला स्थगिती दिली. पेच वाढल्याने राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले.

३० सप्टेंबर १९६४ रोजी सहा विरुद्ध एक अशा बहुमताने मत देण्यात आले. बहुमताचे लेखन गजेंद्रगडकर यांचे होते. भारतात राज्यघटना सर्वश्रेष्ठ असून विधिमंडळे तिच्या मर्यादेत काम करतात. त्यामुळे स्वतःच्या विशेषाधिकारांची व्याप्ती ठरवण्याचा अंतिम अधिकार सभागृहाला नाही आणि अर्ज दाखल करून घेतल्याबद्दल न्यायाधीशावर अवमानाची कारवाई करता येत नाही, असा त्याचा आशय होता. केशव सिंग यांचा अर्ज मात्र पुढे उच्च न्यायालयाने गुणदोषांवर फेटाळला.

त्यानंतर महिन्याभरातच सज्जन सिंग खटल्याचा निकाल लागला. सतराव्या घटनादुरुस्तीला आव्हान देणाऱ्या या खटल्यात मूलभूत हक्कांसह घटनेच्या कोणत्याही भागात संसद दुरुस्ती करू शकते, असे गजेंद्रगडकर यांनी स्वतःसह तीन न्यायाधीशांच्या वतीने लिहिले. उरलेले दोन न्यायाधीश निष्कर्षाशी सहमत होते, पण त्यांनी शंका नोंदवल्या. मोहम्मद हिदायतुल्ला व अमरावतीचे जनार्दन रघुनाथ मुधोळकर हे ते दोघे होत. वऱ्हाडासह मध्य प्रांताचा कारभार पाहणाऱ्या नागपूर उच्च न्यायालयात दोघांनीही न्यायाधीश म्हणून काम केले होते. घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांत केलेला बदल ही दुरुस्ती ठरते की घटनेचेच पुनर्लेखन, हा मुधोळकरांचा प्रश्न होता. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात गजेंद्रगडकर यांचे मत नाकारले गेले. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात गोलकनाथ निकालही रद्द झाला. मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करता येते हे तेव्हा मान्य झाले, पण घटनेच्या मूलभूत संरचनेला धक्का लावता येणार नाही, अशी मर्यादा घालण्यात आली.

शास्त्री यज्ञपुरुषदासजी विरुद्ध मूळदास (जानेवारी १९६६) या खटल्यात अहमदाबाद येथील स्वामिनारायण संप्रदायाच्या अनुयायांनी आपण हिंदू नसल्याने मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्याला लागू नाही, असा दावा केला होता. हिंदू धर्माच्या स्वरूपाचे विस्तृत विवेचन करून गजेंद्रगडकर यांनी तो फेटाळला व दलितांचा मंदिरप्रवेशाचा हक्क कायम राखला.

३ मार्च १९६६ रोजी, निवृत्तीपूर्वी अवघे काही दिवस, नरेश श्रीधर मिरजकर खटल्याचा निकाल लागला. एका साक्षीदाराची साक्ष वृत्तपत्रांत छापण्यास मुंबई उच्च न्यायालयाने केलेल्या मनाईला पत्रकारांनी आव्हान दिले होते. न्यायालयाच्या आदेशाने मूलभूत हक्काचा भंग होत नाही, असे नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरवले. हिदायतुल्ला यांनी भिन्नमतपत्रिका लिहिली.

निवृत्तीनंतर

१९६६ ते १९७१ या काळात गजेंद्रगडकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्याच सुमारास त्यांनी पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. या आयोगाचा अहवाल १९६९ साली सादर झाला. महागाई भत्ता आयोग, जम्मू-काश्मीरमधील प्रादेशिक असमतोलाविषयीचा चौकशी आयोग व बनारस हिंदू विद्यापीठ चौकशी समिती यांचेही ते अध्यक्ष होते. १९७१ ते १९७७ या काळात ते विधी आयोगाचे अध्यक्ष होते.

लेखन व सन्मान

'लॉ, लिबर्टी अँड सोशल जस्टिस' व 'सेक्युलॅरिझम अँड द कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया' हे त्यांचे इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध आहेत. 'टू द बेस्ट ऑफ माय मेमरी' हे आत्मचरित्र त्यांच्या निधनानंतर १९८३ साली प्रकाशित झाले. भारत सरकारने १९७२ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान दिला.