कुंडलच्या माळावरील लक्ष्मणराव किर्लोस्कर

आमचे पूर्वज मुंबई बंदरातून मॉरिशसच्या जहाजांवर चढले तेव्हा रत्नागिरी, सातारा आणि आसपासच्या मुलखातून ते आले होते. त्यांत शेतकरी होते, तसेच सुतार-लोहारही होते. इथे उसाच्या मळ्यात सर्वांच्या हाती एकच कुदळ आली, आणि वाकस-रंधा दोन पिढ्यांत विसरला गेला. त्याच मुलखात पुढे एका माणसाने हातांचे कसब गावातच राहावे म्हणून कारखाना उभा केला. या स्मरणिकेत त्याची ओळख आम्ही मुद्दाम करून देत आहोत.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेपेक्षा चित्रांची ओढ मोठी, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले. तेथे कळले की काही रंग त्यांच्या डोळ्यांना ओळखू येत नाहीत. चित्रकार होणे संपले. त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या धरली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. इकडे बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांसह १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले होते. मुंबईत बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला जागा दिली गेली, तेव्हा नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला परतले.

सायकलींवरून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे वळले, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगराकडे. लाकडी नांगर जमीन ओरखडतो, लोखंडी नांगर माती उलटून टाकतो. पण लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. आम्हाला वाटते, खरी परीक्षा नांगराची नव्हती, त्या दोन वर्षांची होती.

मग नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा मागितली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिले. १९१० मध्ये सुमारे २५ कामगार आपापल्या बायकामुलांसह त्या माळावर उतरले. निवडुंग माजलेला, नागांचा सुळसुळाट, पाण्याची टंचाई. आमच्या आज्या-पणज्यांनी पहिल्या रात्रीच्या ज्या गोष्टी सांगितल्या त्यांच्याशी हे चित्र किती जुळते! फरक एवढाच की कुंडलला आलेले लोक आपल्या मर्जीने आले होते.

ओतकाम म्हणजे काय हे आमच्या तरुण वाचकांना ठाऊक नसेल. आधी लाकडाचा साचा करावा लागतो. बीड थंड होताना आकसते, म्हणून साचा मापापेक्षा किंचित मोठा कोरायचा, आणि हा अंदाज सुताराच्या हाताचा. त्या साच्याभोवती ओलसर वाळू ठोकून बसवायची. साचा काढला की वाळूत पोकळी राहते, त्यात वितळलेली बीड ओतायची. ती वाळू किती दाबावी हे पुस्तकात शिकता येत नाही. भट्टी रोज पेटली तरच ते हात तयार राहतात. शंभूराव जांभेकरांनी वाडीची भट्टी सांभाळली, आणि शेतावर राबलेल्या पोरांना तिथे ओतारी, फिटर, कातारी म्हणून काम मिळाले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक आणि पंप बाहेर पडू लागले. ज्या उसासाठी आमचे लोक समुद्रापार नेले गेले, त्याच उसाचे चरक त्यांच्या मूळ मुलखात घडत होते.

पहिल्या महायुद्धात परदेशी बीड मिळेनाशी झाली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, त्या वितळून नांगर झाले.

वाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता मानली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले, आणि त्यांनी तो पहारा चोख केला. १९२० मध्ये मंडळीची रीतसर कंपनी झाली. त्याच साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. पुढे मुलगा शंतनुराव अमेरिकेतून शिकून आला. हरिहर, पुणे, बंगळूर येथे नवे कारखाने निघाले. त्यांची कथा मोठी आहे, इथे तिला जागा नाही.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. वाडीत पंप आजही बनतात.

पूर्वजांचे गाव शोधायला आमच्यापैकी जे पुणे-मिरज मार्गाने जातात, त्यांनी वाटेत एका स्टेशनाची पाटी पाहावी. कुंडल रोड हे नाव जाऊन तिथे आता किर्लोस्करवाडी लिहिलेले आहे.