दोन कान, एक मेंदू आणि त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके

हेडफोनच्या डाव्या बाजूला ४०० हर्ट्झचा स्वर सोडा, उजव्या बाजूला ४१०चा. सेकंदाला १० वेळा कमी-जास्त होणारा ठोका जाणवेल. एक बाजू काढा, ठोका गायब! कारण तो कुठल्याच कानात नसतो. दोन्हीकडचे स्वर जोडून मेंदूच तो तयार करतो. यालाच बायनॉरल बीट्स म्हणतात.

डोळ्यांच्या बाबतीत मेंदूची अशीच करामत ज्यांनी आपल्याकडे पडद्यावर आणली, ते म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरला, ३० एप्रिल १८७०चा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग, सगळं केलं. मग ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि सिनेमाचं वेडच लागलं. सतत सिनेमे पाहून, जागरणं करून काही काळ दृष्टी गेली. ती परत येताच पुन्हा तेच! विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा मागवला. कुंडीतल्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून दाखवली, म्हणजे आपलं टाइम-लॅप्स.

फिल्मला छिद्रं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत पत्नी सरस्वतीबाई सोबत होत्या. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पुढे बोलपट आले. फाळक्यांनी १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ केला. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं.

मी कोड लिहितो, म्हणून मला हे भारी वाटतं: फिल्मवर फक्त स्थिर फोटो होते. हरिश्चंद्र चालला तो प्रेक्षकांच्या डोक्यात.