वर्तमानपुस्तकाचे कर्ते : पारेम्माक्कल थोमा कत्तनार

आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी यात्रा निघतात. कोणी वेलांकण्णीला जातात, कोणी जुन्या गोव्याला, आणि ज्यांना शक्य होते ते पवित्र भूमीला व रोमला. परत आल्यावर चार दिवस घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांची ये-जा असते, जपमाळा आणि आशीर्वादित तेलाच्या बाटल्या वाटल्या जातात. चमूत एखादा तरी असा असतो, की जो दिवसभराच्या श्रमानंतर रात्री निवासस्थानी बसून वहीत त्या दिवसाची हकिकत लिहून ठेवतो. बाकीचे त्याची थोडी थट्टा करतात. घरी आल्यावर ती वही कपाटात जाते आणि बहुधा तिथेच राहते.

अशीच एक वही केरळमध्ये एका घराण्याने दीडशे वर्षे जपून ठेवली होती. तिचे नाव ‘वर्तमानपुस्तकम्’. आपल्याकडे जुन्या पत्रांत व बखरींत ‘वर्तमान’ हा शब्द बातमी, हकिकत या अर्थाने येतो. मल्याळममध्येही त्याचा अर्थ तोच. मलबारहून रोमला जाऊन आलेल्या एका धर्मगुरूने लिहिलेली ही हकिकत भारतीय भाषांतील पहिले प्रवासवर्णन समजली जाते. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते १८५७ साली, आणि त्यांचे ‘माझा प्रवास’ छापून आले १९०७ मध्ये. थोमा कत्तनारांनी लेखणी हाती धरली ती त्यांच्या सुमारे शंभर वर्षे आधी.

पारेम्माक्कल थोमा यांचा जन्म १० सप्टेंबर १७३६ रोजी पालाजवळील कडनाड या गावी झाला. संत थोमा ख्रिस्ती समाजात धर्मगुरूला कत्तनार म्हणतात. बालपणी एका कत्तनारांच्या हाताखाली ते सिरियाक भाषा शिकले, कारण त्या समाजाची उपासना सिरियाकमध्ये चाले. पुढे आलंगाड येथील सेमिनरीत त्यांनी लॅटिन व पोर्तुगीज या भाषा आत्मसात केल्या. १७६१ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि आपल्याच गावच्या चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे आली. इथवरचे त्यांचे आयुष्य कोणत्याही सालस ग्रामीण धर्मगुरूसारखेच होते.

त्यांचे जीवन ज्यामुळे बदलले, ते समजण्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे. १५९९ साली उदयम्पेरूर येथे भरलेल्या धर्मसभेत पोर्तुगीज आर्चबिशपांनी मलबारच्या प्राचीन ख्रिस्तसभेवर पाश्चात्त्य रीती लादल्या. त्यातून साचलेला असंतोष ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरी येथे उफाळून आला. जमलेल्या लोकांनी क्रूसाला दोर बांधून शपथ घेतली, की यापुढे आपण येशूसंघीय वरिष्ठांचे ऐकणार नाही. पुढच्या काही वर्षांत समाजाचे दोन तुकडे झाले. एक रोमशी जोडलेला राहिला. दुसऱ्याने अंत्योखच्या सिरियन परंपरेशी नाते जोडले. घरे फुटली, भाऊ भावापासून दुरावला. एकाच रक्ताची माणसे दोन वेगळ्या वेदींपुढे उभी राहू लागली.

अठराव्या शतकात त्या दुसऱ्या गटाचे प्रमुख, सहावे मार थोमा, यांनी रोमशी पुन्हा ऐक्य साधण्याची इच्छा व्यक्त केली. यावर खरे तर आनंद व्हायला हवा होता. परंतु स्थानिक अधिकार ज्यांच्या हाती होता, त्या कार्मेलाइट मिशनरींना या माणसाच्या हेतूविषयी विश्वास वाटेना आणि प्रकरण पुढे सरकेना. त्याच सुमारास रोमशी जोडलेल्या गटातही मिशनरी वरिष्ठ आणि स्थानिक धर्मगुरू यांच्यात कटुता वाढत होती. एडप्पल्लीच्या वृद्ध धर्मगुरूंवर चोरीचा आळ घेऊन त्यांना वरापुळ्याच्या मठात कोंडून ठेवण्यात आले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. ही घटना थोमा कत्तनारांच्या मनाला किती झोंबली होती, हे त्यांच्या पुस्तकातून स्पष्ट दिसते.

एक गोष्ट इथे नमूद करणे न्यायाचे होईल. मल्याळममधील पहिले छापील पुस्तक १७७२ साली रोममध्ये सिद्ध झाले, ते एका कार्मेलाइट मिशनरीच्याच परिश्रमातून. या मंडळींनी मलबारच्या भाषेची व लोकांची सेवा केली नाही असे नाही. थोमा कत्तनार मात्र न्यायाधीशाच्या आसनावरून लिहीत नव्हते, दुखावलेल्या घरच्या माणसासारखे लिहीत होते. त्यांच्या लिखाणातील काही शेरे आज वाचताना जास्तच तिखट वाटतात.

शेवटी समाजाने ठरवले, की आपली बाजू थेट पोप महोदयांपुढे मांडावी. या कामासाठी कारियाट्टिल योसेफ मल्पान यांची निवड झाली. मल्पान म्हणजे गुरू, अध्यापक. ते वयाने थोमा कत्तनारांपेक्षा लहान, पण स्वतः रोमच्या प्रोपागांडा महाविद्यालयात शिकून डॉक्टर होऊन आलेले आणि आलंगाडच्या सेमिनरीत शिकवणारे. सोबतीला थोमा कत्तनार निघाले. याशिवाय रोमला शिक्षणासाठी पाठवायचे दोन विद्यार्थी होते. प्रवासाचा खर्च चर्चच्या लोकांकडून जमवायचा होता. हातात मार थोमा यांचे श्रद्धा प्रकट करणारे पत्र, समाजाच्या तक्रारींचे कागद, आणि फारच अपुरा पैसा.

१७७८ साली आतिरंपुळा येथून होडीने प्रवास सुरू झाला. पुढे दक्षिणेचा मुलूख ओलांडून ते चेन्नपट्टणम्, म्हणजे मद्रासला पोहोचले आणि तिथून जहाजात बसले. मुंबईहून रोमला आज आपण एका दिवसात पोहोचतो. त्यांना नुसते लिस्बनला पोहोचायलाच १७७९ चा जुलै उजाडला. आफ्रिकेला वळसा घालून जाणारे त्यांचे जहाज थेट युरोपला न जाता अटलांटिक महासागर ओलांडून ब्राझीलच्या बाहिया बंदराला लागले. रोमच्या यात्रेला निघालेले मलबारचे दोन धर्मगुरू वाटेत दक्षिण अमेरिका पाहून आले! शिडाच्या जहाजात वारा नेईल तिकडे जावे लागे. महिनोन्‌महिने डोळ्यांपुढे पाणी आणि आभाळ. पिण्याचे पाणी मोजून मिळायचे, आणि आजाराला औषध म्हणजे प्रार्थनाच.

या सर्व काळात थोमा कत्तनारांची लेखणी चालू होती. त्यांचे पुस्तक ७८ लहान लहान प्रकरणांचे आहे. त्यात जहाज आहे, समुद्र आहे, परकी नगरे आणि तिथल्या चालीरीती आहेत. पण नुसती स्थळांची यादी करण्यात त्यांना रस नव्हता. कोणी दार उघडले, कोणी तिष्ठत ठेवले, कोणाचे शब्द गोड आणि करणी वेगळी होती, हे ते बारकाईने टिपतात. लिहिणाऱ्यापुढे वाचक कोण होते, हेही जाणवत राहते: ज्यांनी पदरचे पैसे घालून त्यांना पाठवले, ती गावाकडची माणसे. आपण त्यांना हिशेब देणे लागतो, या भावनेने हे पुस्तक लिहिले गेले आहे.

१७८० च्या आरंभी ते रोमला पोहोचले. प्रेषितांच्या कबरींपुढे गुडघे टेकण्याचे भाग्य लाभले, पोप सहावे पायस यांची भेटही झाली. परंतु ज्या कामासाठी आले होते, त्याची वाट सोपी नव्हती. मलबारहून त्यांच्याविरुद्ध लिहिलेली पत्रे त्यांच्या आधीच प्रोपागांडाच्या कार्यालयात येऊन पडली होती. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांचे स्वागत थंडपणे केले. आपण ज्या संस्थेत शिकलो, तिथेच आपल्याकडे संशयाने पाहिले जाते, हे कारियाट्टिल मल्पानांना किती जिव्हारी लागले असेल! काही महिन्यांनी दोघे मोठ्या निराशेने रोमहून निघाले आणि पुन्हा लिस्बनला आले.

लिस्बनमध्ये त्यांना पाच वर्षे काढावी लागली. वाचताना हा काळ सर्वांत कंटाळवाणा वाटेल, पण फळ मिळाले ते याच काळात. मलबारमध्ये कोडुंगल्लूरचे आर्चबिशपपद पोर्तुगीज राजसत्तेच्या पाद्रोआदो अधिकाराखाली होते, त्यामुळे तिथे नेमणूक सुचवण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजघराण्याचा होता. राणी पहिली मारिया हिने १७८२ साली त्या पदासाठी कारियाट्टिल यांचे नाव पुढे केले आणि १७८३ मध्ये लिस्बन येथे त्यांना बिशपदीक्षा मिळाली. ज्या प्राचीन ख्रिस्तसभेवर जवळजवळ दोन शतके परदेशी बिशपांचे आधिपत्य होते, तिला आपल्याच मातीतला आर्चबिशप लाभला. मार थोमा यांना पुन्हा कॅथलिक ऐक्यात घेण्याची अनुज्ञाही नव्या आर्चबिशपांना मिळाली. जे मागायला गेले होते, त्याहून अधिक घेऊन ते घरी निघाले होते.

थोमा कत्तनारांच्या पुस्तकाचा गाभाही याच प्रश्नाशी निगडित आहे. देशोदेशीच्या लोकांवर त्यांच्यातल्याच माणसांनी अधिकार चालवावा, ही जगाची रीत आहे. मग आमच्याच बाबतीत ती का मोडावी, असा त्यांचा युक्तिवाद. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत हा विचार भारतात रुजण्यापूर्वी एका खेड्यातल्या धर्मगुरूने तो मांडला, म्हणून आज इतिहासकार या ग्रंथाकडे राष्ट्रभावनेचा एक आरंभीचा दस्तऐवज म्हणूनही पाहतात. हा प्रश्न केवळ मलबारचा नव्हता. गोव्याच्या दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रो यांना १६३७ साली रोमने बिशप केले, तरी आयुष्यभर त्यांना गोव्यातील अधिकाऱ्यांशी झगडावे लागले. १७८७ साली गोव्यात जो पिंटोंचा उठाव उघडकीस आला, त्यातील प्रमुख धर्मगुरूही पोर्तुगालला जाऊन, तिथे डावलले जाऊन परतले होते.

एप्रिल १७८५ मध्ये जहाजाने लिस्बन सोडले आणि मे १७८६ मध्ये ते गोव्याला लागले. घर सोडल्याला आठ वर्षे होत आली होती. मलबार आता अगदी जवळ राहिले होते. तिकडे लोक आपल्या आर्चबिशपांच्या स्वागताची वाट पाहत होते. पावसाळा गोव्यात काढावा आणि मग पुढे निघावे, असा प्रसंग होता. परंतु सप्टेंबर १७८६ मध्ये कारियाट्टिल गोव्यातच मरण पावले. वय अवघे चव्वेचाळीसच्या आसपास.

त्यांच्यावर विषप्रयोग झाला, अशी समजूत केरळमध्ये पसरली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली. तिला पुरावा मिळालेला नाही. त्या काळी गोव्याच्या जुन्या शहरात तापाच्या साथींनी माणसे पटापट मरत असत, शहर ओसाड पडले तेही त्यामुळेच, हे ध्यानात घेता साध्या आजाराने मृत्यू आला असणेही तितकेच संभवनीय आहे. मात्र ज्यांनी आठ वर्षे वाट पाहिली, त्यांना तो योगायोग वाटला नाही, याबद्दल त्यांना दोष कसा द्यावा?

मृत्यूपूर्वी कारियाट्टिल यांनी आपल्या सोबत्याला धर्मप्रांताचा प्रशासक नेमले आणि आपल्या पदाची चिन्हे त्यांच्या स्वाधीन केली. थोमा कत्तनारांनी त्याच महिन्यात पन्नाशी गाठली होती. ज्यांच्या सावलीत ते निघाले होते, त्यांचे दफन गोव्याच्या कॅथेड्रलमध्ये करून ते त्यांच्यावाचून घरी परतले.

आल्यावर विसावा नव्हताच. १७८७ साली अंगमाली येथे ८४ चर्चचे प्रतिनिधी एकत्र आले आणि त्यांनी एक लेखी करार केला. आमच्यातलाच बिशप आम्हांला द्यावा आणि तो थोमा कत्तनार असावेत, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. थोमा कत्तनार कधीच बिशप झाले नाहीत. प्रशासक म्हणूनच त्यांनी सुमारे तेरा वर्षे त्या मोठ्या धर्मप्रांताचा भार वाहिला. त्यातच १७८९-९० मध्ये टिपू सुलतानाच्या स्वारीची झळ पोहोचली. चर्च उद्ध्वस्त झाली, लोक दक्षिणेकडे पळाले. प्रशासकांनाही अंगमाली सोडून आधी वडयार व नंतर आपल्या गावाजवळील रामपुरम येथे मुक्काम हलवावा लागला. तिथेच २० मार्च १७९९ रोजी त्यांचे निधन झाले. रामपुरमच्या चर्चमध्ये त्यांची कबर आहे.

त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात, सहाव्या मार थोमांनी आलप्पुळ्याजवळच्या तत्तंपल्ली येथे रोमशी ऐक्य स्वीकारले. ज्या माणसाची इच्छा कागदावर घेऊन दोघे अर्धे जग फिरून आले होते, तो अखेर आला. पण ते ऐक्य काही महिनेच टिकले.

वर्तमानपुस्तकाचे हस्तलिखित घराण्याने सांभाळले आणि १९३६ साली ते प्रथम छापून निघाले. १९७१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर रोममध्येच प्रसिद्ध झाले. भाषांतरकार होते फादर प्लासिड पोडिपारा, केरळमध्ये स्थापन झालेल्या कार्मेलाइट संघाचे धर्मगुरू. कार्मेलाइटांवर इतकी सडकून टीका करणारे पुस्तक एका कार्मेलाइटाने जगापुढे आणावे, हे थोमा कत्तनारांना ठाऊक झाले असते, तर त्यांनी त्यावरही एक प्रकरण लिहिले असते!

जुन्या गोव्याला गेल्यावर आपण संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनासाठी बॉम जेझू बासिलिकेत जातो आणि समोरच्या सी कॅथेड्रलमधून बहुधा घाईने फिरून येतो. आर्चबिशप कारियाट्टिल त्याच कॅथेड्रलमध्ये पावणेदोनशे वर्षे विसावले होते. १९६१ साली त्यांचे अवशेष केरळला नेण्यात आले आणि त्यांच्या आलंगाडच्या चर्चमध्ये ठेवण्यात आले.