इमाम गझाली (रह.) : मनाच्या द्वंद्वातून इख्लासकडे



मनाची घालमेल ही ईमान दुबळे असल्याची खूण होय, असा समज आपल्यापैकी अनेकांच्या घरांत रूढ आहे. त्यामुळे ज्याचे मन खचते तो ते लपवितो, आणि लपविल्याने दुखणे अधिक वाढते. तुम्हीही या समजाखाली दबला असाल, तर ‘हुज्जतुल इस्लाम’ या उपाधीने ओळखल्या जाणाऱ्या इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली (रह.) यांचे चरित्र जरूर पाहा.

इमाम साहेबांचा जन्म हिजरी ४५० (इ.स. १०५८) मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. हा प्रदेश आज इराणात आहे. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. त्यांनी मुलांसाठी ठेवलेला अल्प पैसा संपला, तेव्हा मुहम्मद आणि अहमद हे दोघे भाऊ मदरशात दाखल झाले, ते पोटाची सोय व्हावी म्हणूनही, असे चरित्रकार सांगतात. पुढे निशापूर येथे इमामुल हरमैन जुवैनी (रह.) यांच्यापाशी त्यांचे शिक्षण झाले. उस्तादांच्या निधनानंतर ते सल्जूक वजीर निजामुल मुल्क यांच्या दरबारी विद्वानांत गणले जाऊ लागले. हिजरी ४८४ (इ.स. १०९१) मध्ये बगदादच्या निजामिया मदरशाचे अध्यापकपद त्यांना मिळाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेहतीस होते. ३०० विद्यार्थी त्यांच्या दर्साला बसत.

आता तुम्हीच विचार करा, अशा माणसाला कसली खंत असावी? परंतु इमाम साहेबांनी आपल्या नीयतीकडे पाहिले आणि ते हादरले. आपण शिकवितो ते खरोखर अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी, की नावलौकिकासाठी? उत्तर त्यांना ठाऊक होते, आणि तेच असह्य होते. सकाळी बगदाद सोडण्याचा निश्चय व्हावा, संध्याकाळी तो ढळावा. एकीकडे आखिरतची चिंता, दुसरीकडे नफ्सची कुजबुज : ही अवस्था तात्पुरती आहे, असे पद पुन्हा मिळणार नाही.

हिजरी ४८८ च्या रजब महिन्यापासून (इ.स. १०९५) सुमारे सहा महिने हे द्वंद्व चालले. अखेर दर्स देताना जीभ वळेना. विद्यार्थी समोर बसलेले आणि उस्तादांच्या तोंडून शब्द फुटत नाही! अन्न पचेना, शक्ती ओसरली. हकिमांनी तपासून सांगितले की, दुखणे अंतःकरणात उपजून शरीरात उतरले आहे. चिंता दूर झाल्यावाचून औषध लागू पडणार नाही. इमाम साहेबांनी हकिमांना दाखविले, हे तुम्ही ध्यानात ठेवा. उपचार घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

मग सर्व उपाय थकलेल्या माणसाप्रमाणे त्यांनी अल्लाहपुढे हात पसरले, आणि पद, प्रतिष्ठा व संपत्ती सोडणे त्यांच्या मनाला सोपे झाले. लोक अडवतील म्हणून त्यांनी मक्केला जात असल्याचे सांगितले. मनात मात्र शामचा बेत होता. मुलाबाळांच्या निर्वाहापुरते राखून उरलेले धन त्यांनी वाटून टाकले. निजामियातील जबाबदारी बंधू अहमद यांनी सांभाळली.

दमिश्कच्या उमय्या मशिदीच्या मीनारात ते दिवसचे दिवस दार लावून इबादतीत राहत. पुढे बैतुल मुकद्दस, हजरत इब्राहीम (अलै.) यांची कबर असलेले अल-खलील, आणि मग हज. अल-खलील येथे त्यांनी प्रतिज्ञा केली की, सुलतानाच्या दरबारी जाणार नाही, त्याचे धन घेणार नाही आणि वादविवादात पडणार नाही. मुलांच्या ओढीने पुढे ते घरी परतले. याच काळात ‘इह्या उलूमुद्दीन’ हा चाळीस प्रकरणांचा ग्रंथ आकारास आला. क्रोध, मत्सर, रिया आणि कीर्तीची हाव या अंतःकरणाच्या व्याधींचे निदान त्यात आहे. ते निदान किती जवळून केलेले होते, हे आता निराळे सांगावयास नको.

अकरा वर्षांनी, हिजरी ४९९ (इ.स. ११०६) मध्ये, वजिराच्या आग्रहावरून ते निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवू लागले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की, हा तर जुनाच व्यवसाय. इमाम साहेबांच्या दृष्टीने मात्र ते परतणे नव्हते. पूर्वीचा इल्म मान मिळवून देणारा होता. आताचा मानाची हाव सोडावयास शिकविणारा. अखेरची वर्षे तूसमध्ये गेली आणि हिजरी ५०५ (इ.स. ११११) मध्ये तेथेच त्यांचा इंतकाल झाला.

या चरित्रातून घर सोडून जाण्याचा धडा घेऊ नका. स्वतः इमाम साहेबांनीही कुटुंबाची तरतूद आधी केली. धडा हा की, मन अस्वस्थ होते तेव्हा ते पुष्कळदा काही विचारीत असते. नोकरी, दुकान, मुलांचे शिक्षण, मशिदीची सेवा, हे सारे कोणाला दाखविण्यासाठी चालले आहे? प्रश्न टाळला तर तो जिभेवर आणि जठरावर उतरतो. ‘इह्या’मध्ये इमाम साहेबांनी रोजचा उपाय दिला आहे. व्यापारी आपल्या भागीदाराशी जसा व्यवहार करतो तसा नफ्सशी करावा : सकाळी अटी ठरवाव्यात, दिवसभर लक्ष ठेवावे आणि संध्याकाळी हिशोब घ्यावा. इशाच्या नमाजनंतर थोडा वेळ यासाठी काढा. तोटा दिसला तर खचू नका. तौबा करा आणि सकाळी अटी पुन्हा ठरवा. घरातील कोणी गप्प झाले असेल, तर त्याच्या ईमानची परीक्षा घेऊ नका. त्याच्याजवळ बसा, आणि गरज असेल तर डॉक्टरांकडे न्या.

अल्लाह आपल्या नीयती शुद्ध करो आणि बेचैन अंतःकरणांना सकीनत देवो. आमीन.